विजेच्या मोटारीचें चार्जिंग घरीं मंद कां होतें ?

आमच्या शहराच्या रस्त्यांवरून हिरव्या पाटीच्या मोटारी धांवूं लागल्यास आतां कांहीं वर्षें झालीं. गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं शाळेच्या फाटकाशीं अशा मोटारींची एक लहानशी रांगच लागली होती, आणि कार्यक्रम आटोपल्यावर पालकमंडळींच्या गप्पांचा विषय मुलांच्या गुणांवरून सरकत सरकत त्या मोटारींवर येऊन ठेपला. "आमची गाडी पूर्वीं रात्रभरांत भरत असे, आतां सकाळीं पाहावें तों निम्मीच," अशी एका पालकांची तक्रार होती. दुसऱ्यांचें म्हणणें असें कीं, विकणारांनीं सांगितलेले तास केवळ कागदावरचे. तिसऱ्यांनीं सर्व दोष वीज पुरविणारांच्या माथीं मारिला. आम्ही पडलों पदार्थविज्ञान शिकविणारे. सबब प्रश्न आमच्याकडे आला. त्याचें उत्तर उभ्याउभ्या देण्यासारखें नव्हतें, तें येथें देत आहों.

प्रथम, मंद म्हणजे किती मंद, हें ठरविल्यावांचून पुढें पाऊल टाकतां येत नाहीं. बॅटरींत किती वीज मावते हें युनिटांत, म्हणजे किलोवॅट-तासांत, सांगतात. ती किती वेगानें आंत शिरते हें किलोवॅटांत सांगतात. हौदांत किती घागरी पाणी मावतें आणि नळास धार किती आहे, असाच हा भेद होय. उदाहरणार्थ, २०२० सालीं आपल्याकडे विक्रीस आलेल्या टाटा नेक्सन ह्या विजेच्या मोटारीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. घरांतील जाड तीन पायांच्या सॉकेटांतून १५ अँपिअर प्रवाह घेतला व दाब २३० व्होल्ट धरिला, तर गुणाकार ३,४५० वॅट होतो. ही सर्वच वीज बॅटरीपर्यंत पोंचत नाहीं. घरांतील उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाचा एका दिशेचा प्रवाह करतांना व गाडीचीं आंतील यंत्रें जागीं ठेवतांना शेंकडा १० ते १५ भाग खर्चीं पडतो. तेव्हां दर तासास तीन युनिटें जमा होतात असें धरावें. शेंकडा १० शिल्लक असलेली ती बॅटरी पूर्ण भरण्यास सुमारें २७ युनिटें लागतील, म्हणजे नऊ तास. अशी गाडी रात्रीं १० वाजतां लावून सकाळीं ७ वाजतां भरत असेल तर ती निरोगी आहे. पेट्रोलच्या पंपावरील पांच मिनिटांची संवय जडलेल्या मनासच ती मंद वाटते. आमचे जे माजी विद्यार्थी अमेरिकेंत आहेत, त्यांच्या घरच्या साध्या सॉकेटास दाबच १२० व्होल्टांचा असतो व त्यांतून सतत १२ अँपिअरांहून अधिक प्रवाह घ्यावयाचा नसतो. तेथें हाच गुणाकार १,४४० वॅट होतो. त्या मानानें आपण सुखीच म्हणावयाचे.

परंतु वरील हिशेबानें नऊ तास लागावयाचे तेथें चौदा लागूं लागले, तर मात्र कारण शोधिलें पाहिजे.

पुष्कळांस हें ठाऊक नसतें कीं, भिंतीवर टांगलेल्या किंवा केबलच्या मध्यावर असलेल्या ज्या पेटीस आपण चार्जर म्हणतों, ती खरा चार्जर नव्हे. खरा चार्जर मोटारीच्या पोटांत असतो. भिंतीवरची पेटी ही द्वारपाल आहे. केबलमधील एका बारीक तारेंतून ती मोटारीस दर सेकंदास १,००० वेळां खालींवर होणारा एक क्षीण संदेश पाठवीत असते. प्रत्येक आवर्तनांत हा संदेश किती वेळ वर राहतो, त्यावरून मोटारीस कळतें कीं, आपण किती प्रवाह घ्यावा. शेंकडा २५ भाग वर असेल तर १५ अँपिअर. ५० भाग असेल तर ३० अँपिअर. मोटार त्या मर्यादेहून अधिक कधीं मागत नाहीं. कमी मात्र मागूं शकते. अर्थात् सॉकेट, पेटी आणि मोटारीच्या पोटांतील चार्जर ह्या तिघांपैकीं जो सर्वांत अरुंद, त्याच्याच मापानें वीज वाहणार.

हें न समजल्यामुळें कित्येकांचे पैसे व्यर्थ जातात. वर सांगितलेल्या २०२० च्या मोटारीच्या पोटांतील चार्जर ३.३ किलोवॅटचा होता. तिच्यासाठीं कोणी भिंतीवर ७.२ किलोवॅटची पेटी बसविली, तर ती पूर्वीं जेवढ्या तासांत भरत होती तेवढ्याच तासांत भरेल. तीन फेजांची ११ किलोवॅटची पेटी आणून तिला एकाच फेजेवर चालणारी मोटार जोडिली, तर तीनपैकीं दोन फेजा स्वस्थ बसून राहतात. म्हणून पेटी विकत घेण्यापूर्वीं मोटारीच्या पुस्तिकेंतील तिच्या स्वतःच्या चार्जरचा आंकडा वाचावा. पडद्यावरील मांडणीहि एकवार पाहून घ्यावी. प्रवाहाची मर्यादा १६ वरून ८ वर आणण्याची सोय कांहीं गाड्यांत असते, आणि अमुक वाजल्यावरच चार्जिंग सुरू व्हावें अशी वेळहि नेमून देतां येते. एका घरीं चिरंजीवांनींच खेळतां खेळतां ही वेळ पहांटे तीनची करून ठेविली होती, व वडील आठवडाभर मोटारीस बोल लावीत होते.

आतां खरें माप कसें घ्यावें ? त्यास महागडें यंत्र नको. घरच्या वीजमीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो, व एका युनिटास तो किती वेळां लुकलुकतो हा आंकडा मीटरवरच छापलेला असतो. कोठें १,६००, कोठें ३,२००. घरांतील इतर उपकरणें बंद करून केवळ मोटार लावावी, आणि सेकंदकांट्याचें घड्याळ समोर धरून एका मिनिटांतील लुकलुक मोजावी. छापील आंकडा १,६०० असेल तर ३,४५० वॅटांस दिवा मिनिटाला ९२ वेळां लुकलुकला पाहिजे. ३.४५ ला १,६०० नें गुणून ६० नीं भागावयाचें, एवढेंच हें गणित.

आरंभीं ज्यांची तक्रार सांगितली त्या पालकांच्या घरीं हें माप घेण्यास नववींतील दोन विद्यार्थी आमच्याबरोबर आले होते. रात्रीं आठ वाजतां गाडी लाविली तेव्हां त्यांची मोजणी ९१ आली. म्हणजे सर्व ठीक. पालकांचा चेहरा थोडा ओशाळलाहि. परंतु पाऊण तासानें, चहा घेऊन झाल्यावर, मुलांनीं सहज पुन्हां मोजिलें, तों ४९ ! आपणच चुकलों असें वाटून त्यांनीं तिसऱ्यांदां मोजिलें. पुन्हां ४९ च. ह्या ४९ चा हिशेब केला तर सुमारें १,८४० वॅट येतात, आणि त्यांस २३० नें भागिलें कीं बरोबर ८ अँपिअर. असा नेमका आंकडा योगायोगानें पडत नाहीं. प्रवाह कोणीतरी हेतुपुरस्सर कमी केला होता.

पालकांनीं लागलीच विजेच्या दाबावर आळ घेतला. संध्याकाळीं दाब उतरतो ही गोष्ट खरी. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत घरगुती पुरवठ्याचा दाब ठरल्या अंकाहून शेंकडा ६ पेक्षां अधिक वरखालीं होऊं नये असें होतें. म्हणजे २३० चे २१६ पर्यंत उतरणें मान्यच होतें, आणि खेड्यापाड्यांतून, ओळीच्या टोंकाच्या घरांत, तो याहूनहि खालीं जातो हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. तथापि दाब २१० झाला तरी १५ अँपिअरांस ३,१५० वॅट मिळतात. नऊ तासांचे दहा होतील. चौदा होणार नाहींत. दाब फारच उतरला तर चार्जर स्वतःस बंद करून घेतो, तो भाग निराळा. दाबावर जितका दोष येतो तितका त्याचा अपराध नसतो, असें आमचें मत आहे. शिवाय त्या रात्रीं पेटीवरील आंकडा २२८ दाखवीत होता.

मग गुन्हेगार कोण ? येथें आम्हांस जॉर्ज ओहम ह्या जर्मन शिक्षकाचें स्मरण करावें लागतें. कोलोन येथील जेझुइट शाळेंत तो गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि त्या शाळेच्याच उपकरणांवर प्रयोग करून त्यानें जो नियम शोधिला तो १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. तार लांब व बारीक असेल तितका तिचा विरोध अधिक, आणि प्रवाह गुणिले विरोध इतका दाब वाटेंतच खर्च होतो. घरच्या फळीपासून मोटार उभी करण्याची जागा ३० मीटर दूर आहे असें समजा. प्रवाहास जाऊन परत यावें लागतें, तेव्हां तार ६० मीटर झाली. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असेल तर १५ अँपिअरांस सुमारें ७ व्होल्ट व १०० वॅट वाटेंत जातात. दीड चौरस मिलिमीटरची असेल तर ११ व्होल्ट व १६० वॅट. ही उष्णता साठ मीटरांवर पसरलेली असते, म्हणून तार हातास कोमटच लागते. मोटारीसाठीं निराळी तार ओढावयाची तर चार चौरस मिलिमीटरची घ्यावी.

खरा धोका लांब तारेंत नसून आंखूड सांध्यांत आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें जूलनें दाखवून दिलें. सॉकेटाच्या पाठीमागील एखादा स्क्रू ढिला राहिला, आणि त्या सांध्याचा विरोध ओहमचा केवळ दहावा भाग झाला, तर १५ चा वर्ग २२५, त्याचा दहावा भाग साडेबावीस वॅट. रेडिओ दुरुस्त करणाराच्या हातांतील कथील वितळविण्याचा आयर्न २५ वॅटांचा असतो. तो पेटवून प्लॅस्टिकच्या सॉकेटांत खुपसून ठेवावा आणि घरांतील माणसांनीं निजावयास जावें, असाच हा प्रकार झाला. पाणी तापविण्याचा गीझर त्याच तऱ्हेच्या सॉकेटावर वर्षानुवर्षें चालतो हें खरें. पण गीझर पाव तास चालून आपोआप थांबतो, सांधा पुन्हां निवतो. मोटार नऊ तास दम घेत नाहीं. उष्णतेनें पितळी पात्यांचा ताण जातो, त्यांवर काळी पुटें चढतात, त्यामुळें विरोध वाढतो, विरोध वाढला कीं उष्णता आणखी वाढते. म्हणूनच पहिले सहा महिने नीट चाललेलें सॉकेट सातव्या महिन्यांत दगा देतें, आणि मालकास वाटतें कीं, बॅटरीच म्हातारी झाली.

ह्या घरींहि तेंच घडलें होतें. पुष्कळ चार्जरांच्या प्लगांत एक लहानसें उष्णतामापक बसविलेलें असतें. प्लग तापला कीं तें पेटीस कळवितें, व पेटी मोटारीस थोडकाच प्रवाह घेण्यास सांगते. प्रवाह ८ वर आला तो ह्याच कारणानें. आम्हीं गाडीकडून चार्जिंग थांबविलें, मग भिंतीवरचा खटका बंद केला, आणि प्लग ओढून काढिला. त्याचा पाय बोटास सोसवेना. सॉकेटाचें एक भोंक तपकिरी पडलें होतें. दुसऱ्या दिवशीं परवाना असलेल्या वायरमननें फळीचा मुख्य खटका पाडून सॉकेट उघडलें, तेव्हां स्क्रूखालीं तारेचे निम्मेच धागे सांपडले. उरलेले बसवितांनाच तुटलेले होते. आणि ज्या भिंतींत हें सॉकेट होतें, तिच्या पलीकडच्या बाजूस त्यांच्या दोन मुलींची खाट होती. सॉकेटाच्या डबीपासून उशीपर्यंत एक वितीचें अंतर असेल. पालक बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. जें मंद चार्जिंग त्यांस महिनाभर सतावीत होतें, तेंच त्यांस सावध करीत होतें.

त्यांच्याकडून पुढें असें कळलें कीं, मध्यंतरीं फळींतील १६ अँपिअरचा एम्. सी. बी. दोन वेळां पडला होता, व त्याच्या जागीं ३२ चा बसवूं म्हणजे कटकट मिटेल, असा सल्ला त्यांस कोणी दिला होता. सुदैवानें तें काम राहून गेलें होतें. एम्. सी. बी. हा तारेचा रखवालदार आहे. तार तीच ठेवून रखवालदार दुप्पट सोशीक नेमला, तर तार जळूं लागेपर्यंत तो तोंड उघडणार नाहीं. जुन्या काळीं फ्यूजमध्यें जाड तार गुंडाळून ठेवणारे लोक असत. त्यांचीच ही नवी आवृत्ति होय. एक्स्टेन्शन बोर्डावरून, किंवा ६ अँपिअरच्या बारक्या सॉकेटांत परिवर्तक पिन खोंचून मोटार चार्ज करणेंहि तितकेंच वाईट. आमच्या विद्यार्थ्यांस निक्षून सांगणें आहे कीं, लुकलुक मोजावी, आंकडे मांडावे, तासाभरानें वडिलांस प्लग पाहण्यास सांगावें. पण झांकण उघडण्यास हात लावूं नये. वडीलधाऱ्यांनींहि चालू प्रवाहावर प्लग उपसूं नये. आधीं गाडीकडून थांबवावें, मग खटका, मग प्लग. तो कोमट लागला तर चिंता नाहीं. धरवत नसेल तर त्या सॉकेटावर त्या दिवसापासून गाडी लावूं नये.

अर्थिंगविषयीं दोन शब्द. चांगलें अर्थिंग नसेल तर कित्येक चार्जर चालूच होत नाहींत, किंवा मध्येंच थांबतात व सकाळीं गाडी अर्धीच आढळते. वैशाखांत खड्ड्यांतील ओल आटली कीं हा त्रास विशेष होतो; तेथें पाणी घालीत जावें. वाळूवर बांधिलेल्या घराचा दृष्टांत आमच्या मुलांनीं प्रार्थनेच्या तासास अनेकदां ऐकिला आहे. कोरडी वाळू विजेसहि आधार देत नाहीं. परंतु ह्यावर कांहीं कारागीर एक सोपी युक्ति योजितात : सॉकेटांतच न्यूट्रलची तार अर्थच्या पायास जोडून देतात. चार्जर फसतो व चालूं लागतो. पुढें कधीं बाहेर न्यूट्रलची तार तुटली कीं मोटारीचा सगळा पत्रा जिवंत होतो, आणि पहांटे दूध आणावयास निघालेला मनुष्य दाराच्या मुठीस हात लावतो. ही युक्ति कोणी सुचविली तर त्यास चहा देऊन वाटेस लावावें.

बॅटरीच्या स्वतःच्या लहरीहि आहेत, पण घरच्या चार्जिंगांत त्यांचें महत्त्व थोडें. शेवटचे कांहीं टक्के ती सावकाश घेते, कारण घट काठोकाठ भरत आले कीं प्रवाह कमी करावा लागतो व निरनिराळ्या घटांची पातळी सारखी करावी लागते. उन्हाळ्यांत बॅटरी थंड ठेवण्यास थोडी वीज जाते. अति थंडींत लिथियमचे घट वीज नीट शोषीत नाहींत, पण ती अडचण कॅनडांतील आप्तांची; आपल्याकडे तिचा प्रसंग क्वचितच. प्रवाह मुद्दाम कमी ठेविल्यानें वीज वांचते असाहि एक समज आहे. गाडीचीं आंतील यंत्रें चार्जिंग चालूं असेपर्यंत दोनतीनशें वॅट खात राहतात. तास दुप्पट झाले कीं तो खर्चहि दुप्पट.

त्या पालकांच्या घरीं आतां मीटरजवळच्या फळीपासून मोटारीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची निराळी तार आणिली आहे. तिच्यावर दुसरें कांहींहि नाहीं. सॉकेट कारखान्यांत वापरतात तशा जाड जातीचें, बाहेरच्या भिंतीवर, खाटेपासून दूर बसविलें. गळता प्रवाह ३० मिलिअँपिअर होतांच वीज तोडणारा आर. सी. सी. बी. घातला, आणि त्यांचा मंजूर भार तीनच किलोवॅट होता, तो अर्ज करून वाढवून घेतला. महिन्यानें वायरमनकडून सर्व स्क्रू पुन्हां आवळून घेतले, कारण तांबें तापून निवून थोडें बसतें. आमच्या दोघां विद्यार्थ्यांनीं त्यानंतर एका रात्रीं आठपासून दहापर्यंत दर अर्ध्या तासानें मोजणी केली : ९१, ९१, ९०, ९१, ९१.

जळकें सॉकेट पालकांनीं शाळेस दिलें आहे. तें प्रयोगशाळेच्या डावीकडील कपाटांत, दुसऱ्या फळीवर ठेविलें आहे. ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें.